१८४६ : सिनेमातली अमेरिका आणि खरी

मॅटिनीला वेस्टर्न सिनेमे बघत वाढलेल्या आमच्या पिढीला अमेरिकेचा पश्चिम भाग पाठ होता. पांढऱ्या कापडी छताच्या गाड्या, त्यांना जुंपलेले उधळते घोडे, टेकडीवर अचानक उभे राहिलेले 'रेड इंडियन', मग गाड्यांचं रिंगण आणि गोळीबार. १८४६ साली, स्वातंत्र्याला जेमतेम सत्तर वर्षं झालेल्या त्या देशातून अशा गाड्यांची वाट खरोखरच वाहत होती. फक्त बहुतेक गाड्यांना घोडे नव्हतेच. बैल होते.

याचं कारण आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगावं लागणार नाही. घोड्याला दाणा लागतो, बैल वाटेवरच्या गवतावर निभावतो. शिवाय तो स्वस्त आणि चिवट. मिसुरी नदीपासून ऑरेगनपर्यंत साधारण ३,२०० किलोमीटर, दिवसाला पंचवीसेक. गाडीत पीठ, खारवलेलं मांस, अवजारं ठासून भरलेली, त्यामुळे धडधाकट माणसं पायीच चालायची. हाकणाराही गाडीत बसत नसे. कासराही नसे. बैलांच्या डाव्या अंगानं चालत तो आवाजानं आणि चाबकानं त्यांना वळवायचा.

आणि हल्ले? जॉन अनरू या इतिहासकारानं १८४० ते १८६० या काळाचा हिशेब मांडला. मूळ रहिवाशांच्या हातून मेलेले प्रवासी चारशेच्या आत. प्रवाशांच्या हातून मेलेले मूळ रहिवासी त्याहून जास्त. प्रवाशांचा खरा काळ म्हणजे रोगराई, नदी ओलांडताना बुडणं आणि स्वतःच्याच बंदुकीतून सुटलेली गोळी. १८४६ ची सर्वांत कुप्रसिद्ध शोकांतिका तर एका पुस्तकानं घडवली. लॅन्सफर्ड हेस्टिंग्जनं छापील शब्दांत एक 'जवळची वाट' सुचवली, जी लिहिताना तो स्वतः चाललेलाच नव्हता. ती धरणाऱ्या डॉनर तांड्याला ती लांबची पडली, सिएरा नेवाडात बर्फानं गाठलं आणि ८७ पैकी जवळजवळ निम्मे दगावले.

दुसरा गैरसमज त्याच वर्षी मेक्सिकोशी झालेल्या युद्धाबद्दलचा : मेक्सिकोनं अमेरिकेच्या भूमीवर रक्त सांडलं, म्हणून अमेरिका लढली. राष्ट्राध्यक्ष पोक यांनी संसदेला हेच सांगितलं. पण ती भूमी कुणाची, हाच तर वाद होता. न्वेसेस आणि रिओ ग्रान्दे या दोन नद्यांमधला पट्टा मेक्सिको आपला मानत होता, आणि पोकनी जनरल टेलरचं सैन्य मुद्दाम तिथे नेऊन बसवलं होतं. त्याआधी कॅलिफोर्निया आणि न्यू मेक्सिको विकत मागायला दूत पाठवला होता. मेक्सिकोनं त्याला भेटही दिली नाही.

९ मे १८४६, शनिवार. मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि थकलेल्या देण्यांसारख्या तक्रारींवरून युद्धाचा प्रस्ताव मांडायचं जवळपास ठरलं. फक्त नौदलमंत्री बँक्रॉफ्ट तयार नव्हते. संध्याकाळी टेलरचा खलिता आला : चकमक झाली, माणसं मेली. निर्णय आधी, कारण नंतर! हे सगळं खुद्द पोकच्या रोजनिशीत नोंदलेलं आहे. सोमवारी भाषण, बुधवारी युद्ध जाहीर. पुढे लिंकन नावाच्या नवख्या खासदारानं ठरावच मांडला की रक्त नेमकं कुठल्या जागी सांडलं ते दाखवा.

सोनं मिळालं म्हणून कॅलिफोर्निया बळकावला, हेही बरोबर नाही. सोनं सापडलं जानेवारी १८४८ मध्ये, युद्ध संपवणाऱ्या तहाच्या अवघे नऊ दिवस आधी, आणि तह करणाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

पश्चिम ओसाड होती, हाही एक गैरसमज. तिथे आधीपासून राहणाऱ्यांपैकी वायेहोचं नाव घ्यायलाच हवं. कॅलिफोर्नियातल्या सोनोमाचा हा मेक्सिकन जनरल कॅलिफोर्नियानं अमेरिकेत सामील व्हावं अशाच मताचा. १४ जूनच्या पहाटे बंडखोर अमेरिकनांनी त्याचं दार ठोठावलं, तेव्हा त्यानं त्यांना आत घेऊन मद्य पाजलं. त्यांनी त्यालाच कैद केलं आणि कापडावर अस्वल रंगवून प्रजासत्ताक जाहीर केलं. बघणाऱ्यांना ते अस्वल डुकरासारखं दिसलं म्हणतात. हे राज्य महिनाभरही टिकलं नाही. वायेहो सुटला, अमेरिकेतल्या नव्या कॅलिफोर्निया राज्याची घटना लिहायला बसला, त्या राज्याचा सिनेटरही झाला. पुढे सोस्कोलच्या त्याच्या जमिनीचा दावा मात्र अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं फेटाळला.