अंगणांतील झाड तज्ज्ञास केव्हां दाखवावें?

पुण्यांत वळिवाचा पहिला वारा सुटला कीं अग्निशामक दलाची धांवपळ सुरू होते. कोठें मोटारीवर, कोठें विजेच्या तारांवर, तर कोठें कोणाच्या ओसरीवर झाड कोसळल्याच्या बातम्या येतात. दुसऱ्या दिवशीं जमलेल्या मंडळींत एक वाक्य हटकून ऐकूं येतें : “कालपर्यंत तर चांगलें हिरवेंगार होतें!” सारी गफलत या वाक्यांतच आहे. झाडाचें आरोग्य आपण पानांवरून ओळखूं पाहतों. पण झाड पडतें तें बहुधा बुंधा किंवा मुळें कमकुवत झाल्यामुळें. पानांस पाणी पोंचविणारा लाकडाचा जिवंत थर सालीलगत, बाहेरच्या अंगास असतो. तो शाबूत असेपर्यंत दर वर्षीं पालवी फुटत राहते, मग आंतला गाभा कुजून गेलेला कां असेना.

याच्या उलट चूकही तितकीच घडते. बुंध्यांत ढोली दिसली कीं झाड गेलें असें समजून लोक कुऱ्हाड मागवितात. वस्तुतः जुन्या झाडाचा गाभा हा निर्जीव लाकडाचाच असतो. पोकळ झालेले वड आणि चिंचा पिढ्यान् पिढ्या उभ्या असलेल्या आपण पाहतोंच. क्लाउस मॅटहेक या जर्मन शास्त्रज्ञानें पडलेल्या व उभ्या झाडांचीं मापें घेऊन एक ठोकताळा बसविला : निरोगी लाकडाची भिंत बुंध्याच्या त्रिज्येच्या सुमारें तीन-दशांश असेल, तर पोकळ झाडही सहसा तग धरतें. म्हणजे ६० सेंटिमीटर व्यासाच्या बुंध्यास नऊ-दहा सेंटिमीटर जाडीची भिंत पुरते. मात्र ही भिंत बाहेरून डोळ्यांनीं मोजतां येत नाहीं. तेथें जाणकाराची हातोडी आणि कान, किंवा त्याचें यंत्रच हवें.

घरच्या माणसांनीं करावयाची ती पाहणी निराळी. ती शेंड्यापासून नव्हे, बुडापासून करावी, आणि वैशाखांत, पावसापूर्वीं करावी. पुण्याची जमीन या बाबतींत फारशी उदार नाहीं. पुष्कळ भागांत थोड्या मातीखालीं मुरूम आणि त्याखालीं काळा कातळ लागतो. त्यामुळें मुळें खोल न जातां उथळ पसरतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही दूरवर जातात. बुंध्याशीं माती भेगाळली आहे काय, झाडाचा कल नवा आहे काय, हें पाहावें. लहानपणापासून उजेडाकडे झुकलेलें झाड वर जातां जातां पुन्हां सरळ झालेलें असतें. त्याची चिंता नको. पण गेल्या वर्षीं सरळ असलेलें झाड यंदां कललें आणि उलट बाजूची माती वर उचलली गेली, तर त्याच दिवशीं त्याखालची खाट, झोपाळा आणि मुलांचा खेळ हलवावा व तज्ज्ञास बोलवावें. कल जुना कीं नवा, या प्रश्नावर घरांतील आजी-आजोबांची साक्ष कोणत्याही यंत्राहून मोलाची!

दुसरें चिन्ह अळंबीचें. बुंध्याच्या तळाशीं किंवा उघड्या मुळांवर फळीसारखी कडक, तपकिरी अळंबी उगवली, तर ती खरवडून टाकून समाधान मानूं नये. तें रोगाचें केवळ फळ होय. रोग लाकडांत आंत पसरलेला असतो. आपल्या रस्त्यांवर आणि बंगल्यांच्या आवारांत जागोजागीं दिसणारा गुलमोहर या रोगास विशेष बळी पडतो. हें झाड मूळचें मादागास्कर बेटाचें. वाढीस उतावळें आणि लाकडानें ठिसूळ. त्याच्या फुलांचा मोह आम्हांसही आहे. पण ज्या खिडकीखालीं मुलें निजतात, तिच्यावर ओणवलेला जुना गुलमोहर दर उन्हाळ्यांत एकदां दाखवून घ्यावा हें बरें.

आंब्याचा शत्रु भिरूड. खोडावर भोंक आणि खालीं लाकडाचा भुसा पडलेला दिसला, कीं अळी आंत शिरली म्हणून समजावें. एखादी फांदी अचानक वाळणें हेंही तिचेंच काम असूं शकतें. बांडगुळाचा प्रकार वेगळा. फुलटोच्या नांवाचा इवला पक्षी त्याचें चिकट बीं फांदीवर लावून जातो, आणि तें बांडगूळ पुढें यजमानाचाच रस पिऊन पोसतें. तें नुसतें ओरबाडून जात नाहीं. शक्य असेल तेथें चिकटलेल्या जागेच्या खालून फांदीच कापावी लागते.

वटपौर्णिमेस वडाभोंवतीं गुंडाळलेल्या सुताची धास्ती कोणी घेऊं नये. तें चार पावसांत कुजून जातें. कपडे वाळत घालण्यासाठीं आवळलेली तार मात्र सालींत रुतत जाते, पानांनीं केलेलें अन्न मुळांकडे उतरूं देत नाहीं, आणि पुढें वाऱ्यांत झाड तेथेंच मोडूं शकतें.

पण अलीकडे सर्वांत मोठा घात होतो तो घरांच्या नव्या बांधकामांत. एरंडवण, प्रभात रस्ता या भागांतील जुने बंगले पाडून तेथें उंच इमारती उठत आहेत. झाड ‘वांचविलें’ असें सांगतात. परंतु वाहनतळासाठीं खोदतांना एका बाजूचीं मुळें तोडलेलीं असतात आणि उरल्या मातीवर बुंध्यापर्यंत फरशी बसते. असें झाड लगेच मरत नाहीं. तें दोन-चार वर्षें हिरवें राहून मग एखाद्या ओल्या रात्रीं आडवें होऊं शकतें. ज्यांच्या आवारांत असें काम झालें असेल, त्यांनीं दुसऱ्या कोणत्याही लक्षणाची वाट पाहूं नये.

उपचारांविषयीं जुन्या समजुती आतां सोडाव्या. ढोलींत सिमेंट भरण्याची पद्धत पूर्वीं मान्य होती. आज ती अपायकारक ठरली आहे. अमेरिकन वन खात्यांतील शास्त्रज्ञ अॅलेक्स शायगो यांनीं असंख्य बुंधे उभे चिरून दाखविलें कीं, झाड आपली जखम आपल्यासारखी बरी करीत नाहीं. तें कुजलेल्या भागाभोंवतीं तट उभारून त्यास कोंडून टाकतें. कापलेल्या जागीं रंग फासल्यानें कुजणें थांबत नाहीं. फांदी जेथें खोडास मिळते तेथील फुगीर वळें मात्र राखून कापावें, कारण हा तट तेथूनच उभा राहतो. शेंडा छाटून झाड ठेंगणें करणें हा तर शुद्ध घात : वरून कूज शिरते, आणि नव्या फांद्या सालीपुरत्या चिकटलेल्या असल्यामुळें पुढें सहज निखळतात. म्हणून येणाऱ्या माणसास प्रथम विचारावें, “कोणती फांदी कापणार, आणि कां?” “सगळेंच वरून उतरवूं” असें उत्तर आल्यास त्यास चहा देऊन वाटेस लावावें.

झाड आपल्या आवारांतलें असलें, तरी कुऱ्हाड लावण्याचा अधिकार सर्वस्वीं आपला नाहीं. महाराष्ट्राच्या नागरी भागांतील वृक्षांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ पासून लागू आहे. झाडास अपाय होईल अशी छाटणीही त्याच्या कक्षेंत येते. २०२१ मधील दुरुस्तीनें ५० वा अधिक वर्षांच्या झाडांस वारसा-वृक्ष म्हणून विशेष संरक्षण मिळालें. पुण्यांत परवानगीचा अर्ज महानगरपालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे करावयाचा. अर्जाबरोबर झाडाची जात, बुंध्याचा घेर आणि दोष स्पष्ट दिसतील अशीं छायाचित्रें जोडावीं, आणि तो चैत्र-वैशाखांतच द्यावा. पाहणीस अधिकारी येऊन परवानगी हातीं पडेपर्यंत मृग लागलेला असतो.