मंदीत मालकाचे ताट

मालेगावात बाजाराची स्थिती कोणाला विचारावी लागत नाही. ती कानाला कळते. यंत्रमागांचा खडखडाट दिवसरात्र चालू असेल तर कापडाला उठाव आहे. तो एका पाळीवर आला, मग आठवड्यातल्या चार दिवसांवर आला, की मंदीने गल्लीत पाऊल टाकले असे समजावे.

ही मंदी रमजानच्या महिन्यात आली तर अधिक बोचते. यंत्रमाग कामगाराची मजुरी बहुतेक ठिकाणी विणलेल्या मीटरवर ठरते. माग थांबला की मजुरीही थांबते. घरात मात्र इफ्तारसाठी खजूर आणि थोडी फळे लागतात, मुलांना ईदचे कपडे लागतात, ईदच्या नमाजपूर्वी घरातल्या प्रत्येकाचा फितरा काढायचा असतो. अशा वेळी आठवड्याच्या हिशेबाला कामगार मालकापुढे उभा राहतो, तेव्हा दोघांच्याही मनावर ओझे असते.

मालकाची अडचणही खोटी नसते. सुताचा भाव रोज बदलतो. विजेचे बिल थांबत नाही. येथले कोरे कापड रंगाई-छपाईसाठी राजस्थानातील पाली, बालोतरा अशा ठिकाणी जाते. तिकडची मागणी घटली की इकडे तागे पडून राहतात आणि व्यापाऱ्याकडचे पैसे अडकतात. मोठ्या भांडवलाचे कारखानदार थोडे. पंधरा-वीस मागांचा मालक म्हणजे अनेकदा कालचा विणकरच. त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो, की यातल्या कोणाला घरी बसवायचे?

सोपा मार्ग सर्वांना माहीत असतो. निम्मी माणसे काढायची, उरलेल्यांकडून जास्त काम घ्यायचे आणि चांगल्या दिवसांची वाट पाहायची. पण हा मार्ग दिसतो तितका स्वस्त नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि त्या वर्षीचा रमजान तिच्यातच गेला. भिवंडीतून उत्तर प्रदेश, बिहारचे हजारो कामगार मिळेल त्या वाटेने गावाकडे निघाले. पुढे माग सुरू करायची वेळ आली तेव्हा कारागिरांची टंचाई जाणवली. एकाच वेळी सहा-आठ मागांवर नजर ठेवणारा, आवाजावरून बिघाड ओळखणारा आणि तुटलेला धागा क्षणात जोडणारा माणूस एका दिवसात तयार होत नाही. ज्याला वाईट दिवसांत वाऱ्यावर सोडले, तो चांगल्या दिवसांत परत येईलच असे नाही. आला तरी पूर्वीच्या मनाने येत नाही.

मग अडचणीच्या काळात माणसे टिकवायची कशी? इस्लामच्या इतिहासात याचे एक ठळक उदाहरण आहे. हिजरी १८, म्हणजे इ.स. ६३९ च्या सुमारास अरबस्तानात भीषण दुष्काळ पडला. वाऱ्याबरोबर राखेसारखी धूळ उडत असे, म्हणून ते ‘राखेचे वर्ष’ म्हणून ओळखले गेले. त्या वेळी हजरत उमर (रजि.) खलिफा होते. सामान्य माणसाच्या घरी तूप आणि मांस येत नाही तोपर्यंत आपणही ते खाणार नाही, असे त्यांनी ठरवले. तेल आणि भाकरीवर राहून त्यांच्या चेहऱ्याचा रंग काळवंडला, असे इतिहासकार नोंदवतात. त्यांनी इतर प्रांतांतून धान्य मागवले, भुकेल्यांसाठी अन्न शिजवण्याची व्यवस्था केली आणि दुष्काळी भागातील जकातीची वसुली पुढे ढकलली.

यातला क्रम महत्त्वाचा आहे. पहिली काटकसर खलिफाच्या ताटात झाली, लोकांच्या ताटात नव्हे. लोकांनी दुष्काळ सोसला, कारण आपल्यावर राज्य करणाराही तो सोसत आहे हे त्यांना दिसत होते.

प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांचेही वर्तन असेच होते. इ.स. ६२७ मध्ये मदिनेच्या रक्षणासाठी खंदक खोदायचा होता. दिवस उपासमारीचे होते. खंदकाची कल्पना इराणहून आलेल्या सलमान फारसी (रजि.) यांची. नवख्या माणसाचा सल्ला म्हणून ती बाजूला पडली नाही. दहा-दहा जणांच्या तुकड्यांना प्रत्येकी चाळीस हात जमीन वाटून दिली गेली. प्रेषित (स.) स्वतः माती वाहत होते आणि ती धूळ त्यांच्या अंगावर चढली होती. पुढारी काठावर उभा राहून हुकूम सोडत नव्हता, तो खंदकात उतरला होता.

हीच गोष्ट आजच्या उद्योगातही लागू पडते. २००९ च्या जागतिक मंदीत अमेरिकेतील बॅरी-वेमिलर या यंत्रे बनवणाऱ्या कंपनीच्या मागण्या मोठ्या प्रमाणात घटल्या. कामगारकपातीचा पर्याय समोर होता. कंपनीचे प्रमुख बॉब चॅपमन यांनी तो नाकारला. त्याऐवजी वरपासून खालपर्यंत प्रत्येकाने चार आठवडे बिनपगारी रजा घ्यावी असे ठरले. पुढे कामगारांनी आपापसांत अदलाबदल सुरू केली. ज्याला परवडत होते त्याने जास्त आठवड्यांची रजा घेतली आणि ज्याचे घर अडचणीत होते त्याचा भार हलका केला. कोणी तसा आदेश काढला नव्हता. आपले काम सुरक्षित आहे हे कळल्यावर माणसाला शेजाऱ्याकडे पाहण्याची सवड मिळते.

मालेगाव, भिवंडी किंवा इचलकरंजीच्या छोट्या कारखान्यात हे कसे उतरेल? दहा माणसांपैकी पाच काढण्याऐवजी काम दहांमध्ये वाटता येते. एकाने आठवड्याचे पहिले तीन दिवस, दुसऱ्याने पुढचे तीन. मजुरी कमी होईल, पण चूल दोन्ही घरांत पेटेल. मात्र हे कामगारांना विचारून ठरवावे लागते. इस्लाममध्ये याला मशवरा म्हणतात, म्हणजे परस्पर सल्लामसलत. सूत कितीला आले, कापड कितीला गेले, पैसे कुठे अडकले, हे मालकाने समोर मांडले तर अफवांना जागा उरत नाही. ज्याला खरे सांगितले जात नाही, तो स्वतःच सर्वात वाईट अंदाज बांधतो आणि दुसरीकडे काम शोधू लागतो.

उचलीचा प्रश्नही येतोच. चांगल्या दिवसांत दिलेली उचल मालक दर आठवड्याला कापून घेतो. ऋणको अडचणीत असेल तर त्याची स्थिती सुधारेपर्यंत त्याला मुदत द्यावी, अशी कुरआनची शिकवण आहे. मंदीत ही कपात महिना-दोन महिने थांबवली तर मालकाचे पैसे बुडत नाहीत, फक्त उशिरा येतात. कामगाराला मात्र त्याच रकमेत ईद साजरी करता येते.

एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. रमजानमध्ये अनेक कारखानदार जकात काढतात, गरिबांना शिधा वाटतात. ते पुण्याचे काम आहे. पण कामगाराची थकलेली मजुरी म्हणजे जकात नव्हे. जकात हा गरिबांचा हक्क आहे, तर मजुरी हा त्या कामगाराने कमावलेला हक्क. एकाचा हिशेब दुसऱ्यात मांडता येत नाही. मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, ही प्रेषितांची (स.) शिकवण सर्वांना पाठ असते. मंदीत तिची परीक्षा होते. पूर्ण रक्कम हातात नसेल तर जेवढी आहे तेवढी द्यावी, उरलेली कधी देणार ते सांगावे आणि तो शब्द पाळावा.

कामगाराची बाजूही आहेच. मालक खरे बोलतो आणि स्वतःचा खर्च आधी कमी करतो हे दिसले, तर कामगारानेही कामात हयगय करू नये. वाया जाणारे सूत वाचवावे, मागाची निगा राखावी, अडलेल्या सोबत्याची पाळी सांभाळावी. कामातली इमानदारी हीदेखील इबादतच आहे.

मगरीबची अजान होते तेव्हा अनेक कारखान्यांत माग थांबतात. कांड्यांच्या पेट्या बाजूला सरकतात, चादर अंथरली जाते आणि मालक-कामगार एकाच ताटातला खजूर उचलतात. तो खजूर तोंडात घालताना प्रत्येक मालकाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा. मंदीमुळे शेजारी बसलेल्याच्या ताटातून काही कमी झाले असेल, तर त्याआधी माझ्या ताटातून काय कमी झाले? याचे उत्तर ज्याला देता येईल, त्याच्या कारखान्यातली माणसे ईदनंतरही त्याच्याबरोबर असतील.