जात पुकारली की कोडी सुटत नाहीत

‘अभ्यास झेपला नाही. मनानंच हळवा होता तो.’ दलित किंवा आदिवासी मूल वर्गात गप्प झालं, शाळेत यायचं थांबलं, की शिक्षकांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे हेच सांगतात. आता हे ऐकवत नाही. कारण ‘झेपला नाही’ म्हणजे नेमकं काय, हे कधीच तपासून झालं आहे.

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांमध्ये सहावी-सातवीतल्या मुलांना कागदावरच्या भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. 321 मुलं सवर्ण, 321 दलित. सुटलेल्या कोड्यांचे पैसे मिळणार होते. जात जाहीर केली नव्हती, तेव्हा दोन्हीकडच्या मुलांनी जवळपास सारखीच कोडी सोडवली. दुसऱ्या तुकड्यांमध्ये मात्र प्रत्येकाचं नाव, वडिलांचं, आजोबांचं नाव, गाव आणि जात सगळ्यांसमोर वाचून दाखवली. कोडी तशाच प्रकारची, वयही तेच. तरी दलित मुलांची सुटलेली कोडी एकदम घटली. हा अभ्यास 2006 साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये छापून आला. बुद्धीत कमतरता असती, तर ती जात न पुकारताही दिसली असती.

हे एका प्रयोगापुरतं झालं. आपल्याकडे ‘शिष्यवृत्तीवाले उभे राहा’ ही जात उघड करणारी हाक भरल्या वर्गात वर्षानुवर्षं दिली जाते, तीही सोबत्यांच्या नजरेला सर्वांत जास्त किंमत असण्याच्या वयात. सतत सावध राहावं लागलं की झोप उडते, लक्ष लागत नाही, हात वर करायची भीती वाटते. आणि मग आपणच त्या मुलाला हळवं म्हणतो!

तमिळनाडूत तर काही शाळकरी मुलांच्या मनगटावर जातीच्या रंगाचे दोरे असतात. ऑगस्ट 2023 मध्ये नांगुनेरीत बारावीतल्या एका दलित मुलावर आणि त्याच्या बहिणीवर शाळासोबत्यांनी घरात घुसून कोयत्यांनी वार केले. त्यानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती के. चंद्रू समितीनं जून 2024 मध्ये अहवाल दिला. दोऱ्यांवर बंदी घाला, शाळांच्या नावांतून जात काढा आणि शिक्षकानं विद्यार्थ्याला आडूनही जातीवरून हाक मारू नये, असं त्यात म्हटलं आहे. त्याच वर्षी कुंभकोणमच्या सरकारी कला महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी वर्गात जातीवाचक बोललं गेल्याचा आरोप करत तासांवर बहिष्कार टाकला.

तरीही लोक म्हणतात, ‘लहान मुलांना जात कळत नाही.’ अस्पृश्य म्हणून साताऱ्याच्या शाळेत शिपाई नसेल तर पाणी मिळत नाही, हे छोट्या भीमराव आंबेडकरला पक्कं कळत होतं.

‘मोठ्या संस्थांत हे नसतं.’ मग जेईईतला क्रमांक विचारून जात काढू नका, अशी सूचना आयआयटी मुंबईला 2023 मध्ये का द्यावी लागली?

‘वंशभेदावरचं संशोधन अमेरिकेचं, आपल्याला काय त्याचं?’ अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2019 मध्ये वंशभेद हा मुलांच्या आरोग्याचा प्रश्न असल्याचं जाहीर केलं. जन्मावरून कमी लेखलं जाणं मुलाच्या मनाला आणि शरीराला काय करतं, हे त्यातून कळतं. ते इथेही लागू आहे.

‘समुपदेशक नेमला की झालं.’ समुपदेशक हवाच. पण त्याच्याशी बोलून झाल्यावर मूल त्याच वर्गात परत जातं. तो वर्ग बदलायचा, तर आधी शिष्यवृत्तीचे अर्ज एकेकाला कार्यालयात बोलावून भरून घ्या. त्याला अनुदान लागत नाही.