सोलापूरहून प्रवाळांच्या मोजणीला

सोलापूरला समुद्र नाही, पण मालवणची प्रवाळं एका रात्रीच्या प्रवासावर आहेत. तिथलं सागरी अभयारण्य १९८७चं, क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. शेजारी तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. प्रशिक्षकाचा हात धरून मारलेली पर्यटकी बुडी संशोधनाला पुरत नाही. किमान ‘ओपन वॉटर’ प्रमाणपत्र (मर्यादा १८ मीटर) आणि तळाला न टेकता स्थिर तरंगण्याचा सराव हवाच. फिनच्या एका फटक्याने कित्येक वर्षांची वाढ मोडते. प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे नमुना म्हणून तुकडाही उचलायचा नाही.

सुरुवातीला सर्वांत सोपं काम ‘कोरलवॉच’चं. क्वीन्सलँड विद्यापीठाचा हा रंगतक्ता पाण्याखाली धरून प्रवाळाचा सर्वांत फिका आणि सर्वांत गडद भाग नोंदवायचा. पाणी तापलं की प्रवाळ आपल्यातलं शैवाल गमावतं आणि फिकं पडतं. ‘रीफ चेक’ या पाहणीत १०० मीटरची फीत अंथरून ठरावीक मासे आणि तळाचं स्वरूप मोजतात, त्याला वेगळं प्रशिक्षण लागतं.

सोलापूरकरांनी परतीचा घाट विसरू नये. बुडीत रक्तात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर बुडबुडे धरू शकतो, आणि घाटमाथ्यावरची आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे. विमानप्रवासासाठी सांगितलेली विश्रांती इथेही पाळावी: एका बुडीनंतर किमान १२ तास, अनेक बुड्यांनंतर १८. शेवटची रात्र मालवणातच काढा.