ऐकणाऱ्यांना साथ द्या

मन कोलमडतं तेव्हा आधी हवा असतो ऐकून घेणारा माणूस. पुण्यातली ‘कनेक्टिंग’ ही संस्था २००५पासून हेच ऐकून घेण्याचं काम हेल्पलाइनवर करते आहे. फोनवरचा प्रशिक्षित स्वयंसेवक ‘एवढं काय मनाला लावून घेतोस’ असं म्हणत नाही. पलीकडचा रडला तर रडू देतो. गप्प झाला तरी फोन न ठेवता थांबतो.

अशा संस्थेला आपण आठवड्यातले काही तास देऊ शकतो किंवा भाडं, फोनबिलासाठी नियमित देणगी. तेही जमत नसेल, तर तिच्या हेल्पलाइनचा नंबर सोसायटीच्या फलकावर लावा. शिवाय सरकारची ‘टेलि-मानस’ ही मानसिक आरोग्य सेवा १४४१६ वर चोवीस तास, मोफत, मराठीतूनही मिळते. हा नंबर आजच फोनमध्ये सेव्ह करा. कुणाचा तरी जीव वाचेल.