'केयी'तला 'य' नेमका कुठला?

व्युत्पत्ती शोधताना माझी पहिली मोठी चूक झाली ती केळीवर. आपल्याकडे जळगाव-धुळ्याच्या बोलीत 'केळी'ला 'केयी' म्हणतात. प्राकृतात मला 'कयली' हे रूप सापडलं आणि मी खूश! खानदेशाने प्राकृतातला 'य' जपला, प्रमाण मराठीने घालवला, असं टिपणात ठोकून दिलं. गाईडनी एकच विचारलं, "मग 'ल'चं काय झालं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता पायरी-पायरीने बघू.

१) संस्कृत 'कदली'. दोन स्वरांमधला 'द' प्राकृतात गळतो. 'मृदु'चं 'मऊ' झालं ते असंच. मोकळ्या जागेत हलका 'य' येतो : 'कयली'.

२) 'अय' आकसून 'ए' होतो : 'केली'. प्राकृतात हेही रूप मिळतं. म्हणजे तो जुना 'य' इथेच विरघळला.

३) स्वरांमधला एकेरी 'ल' मराठीत 'ळ' होतो : फल-फळ, काल-काळ. जोड 'ल्ल' असेल तर मात्र 'ल' राहतो. संस्कृत 'कल्य', प्राकृत 'कल्ल', म्हणून आपलं 'काल' (गेलेला दिवस). 'केली'त एकेरी 'ल', म्हणून 'केळी'.

४) खानदेशात 'ळ'चा 'य' होतो : डोळा-डोया, काळा-काया, शाळा-शाया. तसंच केळी-केयी.

आता 'शाया' बघा. संस्कृतात 'शाला', तिच्यात 'य' कधी नव्हताच. तरी बोलीत आला. म्हणजे 'केयी'तला 'य' हा 'द'च्या जागेवरचा नाही, तो 'ल'चा वारस आहे. दोन्ही 'य' दिसायला सारखे, पण त्यांचं नातं काही नाही.

यातून काय घ्यायचं? सारखं दिसणं हा पुरावा नाही, नियमित बदल हा पुरावा. सिनॉप्सिसमध्ये एखादी पायरी लिहिण्याआधी त्याच बदलाचे निदान आठ-दहा शब्द गोळा करा. नियम मोडणारे शब्द तर मुद्दाम शोधा. सुरुवातीला टर्नर यांचा इंडो-आर्यन भाषांचा तौलनिक कोश, झ्यूल ब्लॉक यांचा मराठीवरचा १९२०चा ग्रंथ आणि ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणातला खानदेशीचा भाग (१९०७) हाताशी ठेवा.

आणि 'कदली'च्या मागे काय? झाँ प्रझिलुस्की यांनी हा शब्द ऑस्ट्रो-आशियाई भाषांतून आल्याचं मांडलं. केळीची लागवड आग्नेय आशिया-न्यू गिनीकडची, त्यामुळे ही शक्यता विचारात घेण्यासारखी आहे. पण शक्यता आणि सिद्ध गोष्ट यांत फरक करा. 'कदली' ग्रंथात सापडते. तिच्यामागचं रूप आपण तुलनेने उभं केलं, तर त्यापुढे तारा (*) लावायचा. प्रोटो-केल्टिक कुणी लिहूनच ठेवली नाही, म्हणून तिचा प्रत्येक शब्द तारा घेऊन येतो. तारा म्हणजे प्रामाणिक कबुली : हे सापडलेलं नाही, आम्ही मांडलेलं आहे.

माझ्या त्या टिपणात तारा नव्हता आणि 'शाया'ही नव्हती. तुमच्या टिपणात दोन्ही असू द्या.