पंधरा मीटरच्या खालचं बिऱ्हाड

छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे तळमजल्यावरच्या शिवणकामाच्या दुकानाला आग लागली आणि वर झोपलेल्या एका कुटुंबातले सात जण गेले. ज्वाळा वरपर्यंत पोहोचल्याच नव्हत्या. जीव घेतला तो धुरानं. त्याआधी ३० ऑगस्ट २०२३ ला पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीत हार्डवेअरच्या दुकानात राहणारं चौघांचं कुटुंब असंच संपलं. ६ ऑक्टोबर २०२४ ला चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत पुन्हा सात जण, पुन्हा खाली दुकान आणि वर घर. तिन्ही आगी पहाटेच्या.

पहाटेला कारण आहे. गाढ झोपेत माणसाला वासानं जाग येत नाही, कर्कश आवाजानं येते. दुकानातला धूर जिन्यातून वर चढतो, आणि वरच्याला कळेपर्यंत उतरायची एकमेव वाट त्याच धुरातून गेलेली असते. छताला लावलेला तळहाताएवढा स्मोक अलार्म आग विझवत नाही. तो फक्त काही मिनिटं आधी उठवतो. त्या दुर्घटनांमध्ये कमी पडली ती हीच मिनिटं.

परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावाला खाली दुकान आणि वर बिऱ्हाड ही रचना काही नवी नाही. खाली कापड, किराणा किंवा खत-बियाणं, वर दोन-तीन खोल्या भाड्याच्या. भाडेकरूही ठरलेले: बदलून आलेले शिक्षक, बँकेतले कर्मचारी, वरपुडकर महाविद्यालयात शिकायला खेड्यातून-तांड्यावरून आलेली, एका खोलीत चौघं राहणारी पोरं. खोली बघायला आलेला माणूस पाणी किती दिवसांआड येतं ते विचारतो, मीटर वेगळं आहे का ते विचारतो, डिपॉझिटवर घासाघीस करतो. धूर झाला तर वाजणारं काही आहे का, हे कुणी विचारत नाही. कायदाही विचारत नाही, ही खरी मेख.

म्हणजे कायदा नाही असं नव्हे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा असून डिसेंबर २००८ पासून लागू आहे. त्याचं कलम ३ विकासक, मालक आणि भोगवटादार या तिघांनाही जबाबदार धरतं. परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा तपासून घेऊन दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत तसं प्रमाणपत्र अग्निशमन अधिकाऱ्याला द्यायचं, अशी त्याची शिस्त. पण कोणत्या इमारतीत काय हवं, हे राष्ट्रीय इमारत संहितेवरून ठरतं आणि निवासी इमारतींसाठी त्या संहितेची कडक भाषा सुरू होते पंधरा मीटर उंचीपासून, म्हणजे साधारण पाच मजल्यांपासून. तिथंही भर टाक्या, पंप, रायझर आणि जिन्यांवर. सोनपेठची भाड्याची घरं बहुतेक या रेषेच्या खालीच राहतात. घरगुती कार्बन मोनॉक्साइड अलार्मची सक्ती तर ना टॉवरला, ना बैठ्या घराला.

धूर निदान दिसतो तरी. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. एलपीजीला वास असतो, कारण गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन मुद्दाम मिसळलेलं असतं. त्यावरून अनेकांचा समज होतो की गॅसचा धोका नाकाला कळतोच. कार्बन मोनॉक्साइड मात्र गळत नाही, तो अर्धवट जळण्यातून तयार होतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं. पित्त झालं असेल म्हणून माणूस आडवा होतो आणि तिथंच फसतो.

या वायूचं आपल्याकडचं नेहमीचं ठिकाण म्हणजे न्हाणीघर. परभणीत थंडी चेष्टेची नाही. तिथल्या कृषी विद्यापीठात पारा पाच अंशांच्याही खाली उतरल्याच्या नोंदी आहेत. पूर्वी पाणी बंबात तापायचं आणि बंब अंगणात असायचा. आता गॅस गिझर न्हाणीत आत, खिळ्याला टांगलेला. मिनिटाला सहा लिटर गरम पाणी देणारा गिझर पूर्ण आचेवर तासाला जवळपास किलोभर गॅस जाळतो. चार बाय पाच फुटांच्या न्हाणीत हवा असते साधारण साडेचार घनमीटर. दहा मिनिटांच्या आंघोळीत गिझरला त्यातली दोन घनमीटर लागते. वर थंडी वाजते म्हणून व्हेंटिलेटरच्या काचपट्ट्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले असले, की ज्योतीला हवा पुरत नाही आणि विषारी वायू तयार होऊ लागतो. मार्च २०२३ मध्ये होळीच्या सुमारास घाटकोपरला एक दांपत्य न्हाणीघरात मृतावस्थेत सापडलं, तेव्हाही पहिला संशय गिझरवरच गेला होता.

म्हणून या बाबतीत घरमालकाची पहिली जबाबदारी अलार्मची नव्हेच. गिझर न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवायचा आणि पाण्याची नळी तेवढी आत घ्यायची, हे पहिलं. भिंतीला भोक पाडण्याचा अधिकार मालकाचा, त्यामुळे ते कामही त्याचंच. अलार्म त्यानंतर.

अलार्म घेतानाही गल्लत होते. बाजारात ‘गॅस डिटेक्टर’ म्हणून मिळणारं यंत्र बहुधा एलपीजीची गळती ओळखतं, कार्बन मोनॉक्साइड नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, तो फरशीलगत साचतो. म्हणून ते यंत्र जमिनीपासून हातभर उंचीवर. कार्बन मोनॉक्साइड जवळपास हवेच्याच वजनाचा आणि खोलीभर पसरणारा. त्याचा अलार्म निर्मात्यानं सांगितलेल्या उंचीवर, झोपायच्या जागेजवळ. धुराचा छताला. युरोपीय मानकानुसार कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण दहा लाखांत ३०० भाग झालं, तर अलार्म तीन मिनिटांच्या आत वाजायला हवा. ५० भागांवर तो तास-दीड तास थांबून वाजतो.

इंग्लंडनं हे सगळं घरमालकाच्या गळ्यात घातलं आहे. तिथल्या २०१५ च्या नियमांनुसार भाड्याच्या घरात प्रत्येक मजल्यावर धुराचा अलार्म सक्तीचा. १ ऑक्टोबर २०२२ पासून बॉयलरसारखं कायमचं ज्वलन-उपकरण असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही हवा. स्वयंपाकाच्या शेगडीला तेवढी सूट आहे. भाडेकरू राहायला आला त्या दिवशी मालकानं अलार्म वाजवून बघायचा, आणि बिघडल्याचं कळवलं की दुरुस्त करून द्यायचा. कसूर केली तर दंड ५,००० पौंडांपर्यंत. न्यू जर्सीत भाडेकरू बदलला की अलार्म आणि अग्निशामक सिलिंडर तपासून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. तिथल्या एडिसनला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना यात नवल वाटत नाही. गावाकडचं स्वतःचं घर भाड्यानं देताना मात्र ती आठवण सहसा कुणाला होत नाही.

आपल्याकडे जबाबदारीचे धागे वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेत. केंद्र सरकारच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत कामांची वाटणी आहे: भिंतींतलं वायरिंग मालकाकडे, पण गिझरची दुरुस्ती भाडेकरूकडे! अलार्म दोघांच्याही यादीत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ त्याच्या अनुसूचींतल्या शहरांना लागू होतो. त्याच्या कलम १४ नुसार घर राहण्याजोगं ठेवणं मालकावर बंधनकारक आहे, करारात वेगळं ठरलं नसेल तर. नोटीस देऊन पंधरा दिवसांत काम झालं नाही, तर भाडेकरू ते स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश रकमेपर्यंत. जळकट वास येणारं वायरिंग यात सहज बसतं. कधी नव्हताच तो अलार्म मात्र ‘दुरुस्ती’त बसवणं अवघड. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ म्हणतं, की मालकाला ठाऊक असलेला आणि भाडेकरूला सहज न दिसणारा मोठा दोष मालकानं सांगितलाच पाहिजे. आणि निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याचं सिद्ध झालं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

यातलं बरंचसं घटनेनंतरचं. आधी काही करायचं तर हाताशी राहतो तो भाडेकरार. सोनपेठला तो अनेकदा तोंडीच असतो, नाहीतर बाँडवर लिहून कपाटात. अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही, हा समजही पक्का. भाडे नियंत्रण कायदा लागू असेल तिथं मात्र त्याचं कलम ५५ लेखी आणि नोंदणीकृत करारच मागतं, तेही मालकाच्या जबाबदारीवर. त्यात चार ओळी वाढवायला वेगळं शुल्क पडत नाही. धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मालक बसवेल, कारण भाडेकरू जातो आणि भिंत तिथंच राहते. चाचणीचं बटण महिन्याला दाबणं आणि बॅटरी बदलणं भाडेकरूकडे. टुक-टुक आवाजाचा त्रास होतो म्हणून यंत्र काढून ठेवायचं नाही. खालच्या दुकानात रात्री ई-स्कूटर किंवा तिची बॅटरी चार्जिंगला लावायची नाही, ही अट दुकानदाराच्या करारातही हवी, कारण वरच्या बिऱ्हाडात धूर खालूनच येतो. दोन्ही यंत्रं मिळून खर्च काही हजारांत भागतो. कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सर पाच ते दहा वर्षांत निकामी होतो, धुराचा अलार्म दहा वर्षांनी बदलावा लागतो. तेव्हा बसवल्याची तारीख यंत्राच्या पाठीवर मार्करनं लिहायची आणि तीच करारातही घालायची.